बंदुकीची किल्ली

बाबा गेले तेव्हा बंदूक माजघरातल्या खुंटीवर होती. मला आठवतं तेव्हापासून ती तिथेच. एका बाजूला कालनिर्णय, दुसऱ्या बाजूला आजोबांचा हार घातलेला फोटो आणि मधे ही. एकनळी, बारा बोरची. दस्त्यावर जिथे गाल टेकतो तिथलं लाकूड झिजून चिंचोक्यासारखं गुळगुळीत झालेलं. काडतुसं खालच्या फडताळात, बिस्किटांच्या डब्यात. डब्याला कुलूप नाही, फडताळाला कडी नाही. आम्ही भावंडं त्या खुंटीखाली जेवलो, अभ्यास केला, मारामाऱ्या केल्या, आणि बंदुकीला कुणी बोट लावलं नाही. बाबांचा धाक हेच तिचं कुलूप होतं. ते कुलूप २०२२ च्या श्रावणात गेलं.

बाराव्याच्या आधीच गावचे पोलीस पाटील ओटीवर येऊन बसले. चहा घेतला, बाबांच्या आठवणी निघाल्या, आणि उठता उठता म्हणाले, “बाबू, बंदूक जमा केलंस काय?” मला वाटलं, सुतक संपल्यावर बघू. त्यांनी मान हलवली. परवाना माणसाचा असतो, बंदुकीचा नसतो. माणूस गेला की ती बंदूक घरात ठेवायचा हक्क कुणालाच राहत नाही, वारसालासुद्धा नाही. शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम २१ तेच सांगतं: ताबा कायदेशीर राहिला नाही की विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे शस्त्र जमा करायचं. वारसाचा हक्क तिथून पुढे सुरू होतो. रीतसर परवाना घेऊन ती परत मिळवण्याचा, नाहीतर परवाना असलेल्याला विकण्याचा.

म्हणजे आठ दिवस आम्ही बेकायदा बंदुकीखाली बसून भजन म्हणत होतो.

ठाण्यात आधी फोन केला आणि पाटलांना बरोबर घेऊनच गेलो. बंदूक जुन्या सतरंजीत गुंडाळलेली. तिथे नळीवरचा नंबर भिंगाने वाचला गेला, नळीची लांबी मोजली गेली, काडतुसं मोजली गेली. अकरा भरली. त्यातली तीन इतकी जुनी की पितळेवर हिरवा थर. पंचनाम्याला दोन सह्या आणि हातात एक पावती. ही पावती जपा. पुढे सात महिने प्रत्येक टेबलावर पहिल्यांदा तीच मागितली गेली.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, कारण अनेकांच्या घरी अजून म्हातारे परवानाधारक आहेत. २०१६ च्या शस्त्र नियमांत नियम २५ आहे. परवानाधारकाने सत्तरी गाठली, किंवा बंदूक पंचवीस वर्षं बाळगली, यातलं जे आधी होईल तेव्हा तो हयातीतच आपल्या वारसाला त्या बंदुकीच्या परवान्यासाठी अर्ज करायला लावू शकतो. बाबा दोन्ही अटींत बसत होते. मी विषय काढला होता. “मी मेल्यावर काय ती घे,” म्हणाले. घेतली. पण मृत्यूचा दाखला, वारसांचा दाखला, दोन बहिणींची आणि आईची ना हरकत प्रतिज्ञापत्रं, त्यातली एक बहीण बडोद्याला. यातलं बरंच टळलं असतं.

अर्ज आता ऑनलाइन भरायचा, मग त्याची छापील प्रत आणि कागद घेऊन कचेरीत. ग्रामीण भागात परवाना जिल्हादंडाधिकारी देतात, म्हणजे कलेक्टर. आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्त. सातबारा, आठ अ, आधार, फोटो, शरीराने आणि मनाने ठणठणीत असल्याचा डॉक्टरी दाखला. आमचे डॉक्टर मला लहानपणापासून ओळखतात. मन तपासायचं कसं म्हणून त्यांनी पाच मिनिटं माझ्याकडे नुसतं बघितलं आणि मग काजूच्या भावावर बोलत बसले. शस्त्र कसं हाताळायचं याचं प्रशिक्षणही घ्यावं लागलं. त्यातलं एकच वाक्य इथे पुरे: बंदूक रिकामी आहे असं कुणीही सांगितलं, अगदी स्वतःनेच स्वतःला सांगितलं, तरी उघडून बघायची.

या सगळ्या गर्दीत अर्जात एक साधा प्रश्न होता. शस्त्र आणि दारूगोळा ठेवायला सुरक्षित जागा आहे काय? असल्यास तपशील.

मी “होय” लिहिलं आणि तपशिलात “घरी, कपाटात” लिहिलं. टेबलापलीकडच्या बाईंनी चष्मा वर केला.

“कसलं कपाट?”

“लोखंडी.”

“घरात लहान मूल?”

“मुलगा. नऊ वर्षांचा.”

“मग किल्ली कुठे ठेवणार?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. बाई काही रागाने बोलल्या नव्हत्या. म्हणाल्या, “बघा, हमीपत्रावर सही तुमची असते.” सुरक्षित वापर आणि सुरक्षित साठवण यांचं हमीपत्र अर्जासोबत जोडावं लागतं. पण सुरक्षित म्हणजे काय? पत्रा किती जाड, कुलूप कसलं, काडतुसं किती अंतरावर? आपण सामान्य माणसं नियमपुस्तकात शोधायला जातो ते मोजमाप तिथे सापडत नाही. कायदा सांगतो, नीट ठेव. कसं ते तुझं तू बघ. मात्र चूक झाली तर परवान्याच्या अटी मोडल्या म्हणून कलम ३० आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि परवाना जातो तो वेगळाच. मला वाटतं, खरी भीती त्या दोन हजारांची नसतेच.

घरी आईला सांगितलं की बंदूक परत आली तर खुंटीवर नाही राहणार. तिला ते बाबांचा अपमान केल्यासारखं लागलं. “इतकी वर्सां खुंटयेर होती, कोणाचा काय वायट झाला?” तिच्या म्हणण्यात खोटं काही नव्हतं. म्हणून मी वाद घातला नाही, फॅब्रिकेटरकडे गेलो.

एका खिडकीच्या जाळ्या बनवणाऱ्याकडून पेटी करून घेतली. साडेचार फूट उंच, फूटभर रुंद, जाड पत्र्याची, आत कांबळ्याचं अस्तर. बिजागऱ्या आतून, म्हणजे बाहेरून पिना ठोकून दार काढता येऊ नये. इथपर्यंत सगळं झकास. मग ती भिंतीला बसवायची वेळ आली. न बसवलेली पेटी म्हणजे चोराला बंदूक हँडलसकट दिल्यासारखं. आमचं घर जांभ्या चिऱ्याचं. चिऱ्यात ड्रिल लोण्यात गेल्यासारखं जातं, आणि बोल्ट तितक्याच सहज बाहेर येतो. पहिले दोन बोल्ट आवळता आवळता जागेवरच गरगर फिरायला लागले आणि पायाशी लाल भुकटीचा ढीग पडला. मिस्त्रीने सिमेंट भरून बघितलं, दुसऱ्या दिवशी पेटीला झटका दिला तर सिमेंटचा गोळाच हातात. शेवटी भिंत आरपार भोसकली. पलीकडे न्हाणीघराच्या बाजूने लोखंडी पट्टी लावली आणि लांब बोल्टांनी पेटी आणि पट्टी यांच्यामध्ये भिंत चिमटीत धरली. आता पेटी काढायची तर भिंत पाडावी लागेल. कोकणातल्या कुणाला हे काम करायचं असेल तर पहिले दोन दिवस वाया घालवू नका, थेट आरपार जा.

चौकशीला हवालदार घरी आले तेव्हा त्यांनी पेटी उघडून दाखवायला सांगितली. आत डोकावले, दार हलवून बघितलं, भिंतीवर हात फिरवला. “आणि काडतुसां खंय ठेवतल्यात?” मी झोपायच्या खोलीतल्या कपाटाची तिजोरी दाखवली. वेगळी खोली, वेगळं कुलूप. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. नंतर चहा पिताना मात्र त्यांनी वीस वर्षांपूर्वीच्या एका घराची हकीकत सांगितली, नाव न घेता. दिवाळीची साफसफाई, भिंतीवरून उतरवलेली बंदूक, आत राहून गेलेलं काडतूस. पुढचं ते बोलले नाहीत. आई दारातच उभी होती. ती आत गेली आणि त्यानंतर खुंटीचा विषय तिने काढला नाही.

२०२३ च्या मार्चमध्ये परवाना हातात आला. त्यावर माझा फोटो, युनिक ओळख क्रमांक, बंदुकीचा नंबर, एका वेळी आणि वर्षाला किती काडतुसं घेता येतील तो आकडा. मुदत पाच वर्षं. २०१९ च्या दुरुस्तीआधी ती तीन होती. त्याच दुरुस्तीने एका माणसाच्या नावावरची शस्त्रं तीनवरून दोनवर आणली. आम्हाला एकच पुरे. ठाण्यातून बंदूक आणताना शिंप्याकडून शिवून घेतलेलं कॅनव्हासचं आवरण नेलं होतं, कारण सार्वजनिक जागेत बंदूक पूर्ण झाकून न्यावी लागते. बाबा ती खांद्यावर टाकून बाजारातून यायचे. दिवस वेगळे होते.

घरी आल्यावर बंदूक पहिल्यांदा नीट बघितली. एकनळीचे तीन तुकडे होतात हे मला प्रशिक्षणात कळलं होतं. नळीखालचं लाकूड अंगठ्याने खेचलं की सुटतं, मग कळ दाबून बंदूक मोडायची आणि नळी बिजागरीवरून उचलायची. हातात एका बाजूला नुसता दस्ता, दुसऱ्या बाजूला नुसता पाइप. दोन्ही वेगळे असले की ती बंदूक नाही, भंगार आहे. म्हणून मी नळी पेटीत ठेवतो आणि दस्ता कपाटात. हे कुठल्या नियमात मी वाचलेलं नाही. तो माझा स्वतःचा नियम.

राहिली किल्ली.

पेटीला दोन किल्ल्या आल्या होत्या. एक माझ्या गाडीच्या किल्लीत अडकवली. पण गाडीची किल्ली टेबलावर, फ्रिजवर, कुठेही पडते. मग काढून देव्हाऱ्यात, समईच्या मागे ठेवली. आई रोज देव पुसते, तिने ती उचलून “हरवतली” म्हणून दुसरीकडे ठेवली आणि कुठे ते विसरली. अर्धा दिवस शोधाशोध. मग मी गुपचूप दोन्ही किल्ल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तांदळाच्या पिंपात तळाशी पुरल्या. बायकोला सांगितलं, आईला नाही, मुलाला तर नाहीच. मोठा बेत जमला म्हणून मी खूश.

मे महिन्याच्या सुट्टीत मुलाची आत्तेभावंडं आली होती. ओटीवर चोर-पोलीस चाललं होतं आणि मी आत पंख्याखाली पडलो होतो. बाहेरून माझ्या मुलाचा आवाज आला, अगदी सहज, “बंदुकीची किल्ली तांदळात आसा, पण बाबा ओरडतात.”

मी उठून बसलो. अंगावर काटा म्हणतात तो काय असतो ते मला त्या दिवशी कळलं.

त्याला विचारलं, तुला कसं माहीत? “तुम्ही हात कोपरापर्यंत पांढरे करून येता ना.” बस्स. मुलं आपलं बोलणं ऐकत नसतील, पण आपले हात बघत असतात. तो किल्लीला शिवला नव्हता. पण बाबांचा धाक आणि माझा धाक यांत फरक आहे हे मलाही ठाऊक आहे, आणि त्या दिवशी घरात पाच मुलं होती, त्यातल्या चौघांना माझा धाक मुळीच नव्हता.

रात्री मावसभावाला फोन केला. तो जर्मनीत, स्टुटगार्टजवळ राहतो आणि तिथल्या नेमबाजी क्लबात जातो. मला वाटलं तो हसेल. तो हसला नाही. त्याच्या घरापासून थोड्या अंतरावर विनेन्डेन नावाचं गाव आहे. ११ मार्च २००९ ला तिथल्या शाळेत शिकून गेलेल्या सतरा वर्षांच्या मुलाने, त्या शाळेपासून सुरुवात करून, पंधरा जणांना गोळ्या घातल्या आणि मग स्वतःला. पिस्तूल बापाचं, बाप नेमबाज, घरातली बाकीची शस्त्रं तिजोरीत, आणि हे एक झोपायच्या खोलीत उघड्यावर. त्यानंतर तिकडे अधिकारी आगाऊ न कळवता साठवण तपासायला दारात येऊ शकतात. २०१७ पासून नवी तिजोरी घ्यायची तर ठरावीक युरोपीय प्रमाणाचीच. “आणि किल्लीचं काय?” मी विचारलं. तर २०२३ मध्ये मुन्स्टरच्या उच्च प्रशासकीय न्यायालयाने म्हटलं की शस्त्रांची तिजोरी ज्या दर्जाची, किल्लीही त्याच दर्जाच्या तिजोरीत हवी. मग त्या दुसऱ्या तिजोरीच्या किल्लीचं काय करायचं? म्हणून लोक आकड्यांच्या कुलपाकडे वळले, तोही.

आमच्याकडे अर्जात एक ओळ, त्यांच्याकडे किल्लीवरही निकाल. पण अडकलो आम्ही दोघंही एकाच जागी.

मीही आकड्याचं कुलूप आणलं. आधी तीन आकड्यांचं बघितलं. दुकानदार म्हणाला हजार जोड्या होतात, कुणी उघडत नाही. मी म्हटलं, माझ्या मुलाला सुट्टी दीड महिन्याची आहे. चार आकड्यांचं घेतलं, जाड कडीचं. आईने सुचवलं, नातवाची जन्मतारीख ठेव, विसरणार नाहीस. नातू शेजारीच बसला होता. आकडा मी कुणालाच सांगितलेला नाही, बायकोलाही नाही. परवाना माझ्या एकट्याच्या नावावर आहे, तेव्हा आकडाही माझ्या एकट्याच्या डोक्यात. बायको म्हणाली, तुला काही झालं तर? तेव्हा पोलीस भिंत फोडतील, म्हटलं. हे उत्तर तिला आवडलं नाही, पण दुसरं उत्तर तिच्याकडेही नव्हतं. याच कारणाने चुलतभावाशीही थोडं बिनसलं. बाबांच्या काळात तो “माकडां इली” म्हणून बंदूक घेऊन जायचा, बार काढायचा आणि आणून टांगायचा. आता नाही म्हटलं की त्याला वाटतं मी शहरात राहून शिष्ट झालो.

मग २०२४ उजाडलं. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि आठवड्याभरात नोटीस आली: शस्त्र जमा करा. सरसकट सगळ्यांची शस्त्रं गोळा करायची असं खरं तर नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या एका निकालानंतर निवडणूक आयोगाने २००९ मध्येच सूचना बदलल्या. छाननी समितीने प्रत्येक परवाना बघायचा, जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, आधी दंगलीत सापडलेले यांच्याकडे लक्ष द्यायचं. माझ्यावर साधा सायकलचा दंडही नाही. पीक संरक्षणासाठी सूट द्यावी असा अर्ज केला, सातबारा जोडला, काजू पडायचे दिवस आहेत असं लिहिलं. उत्तर आलं नाही. मुदत संपत आली तसा निमूट जाऊन जमा केली. त्या मोसमात माकडांनी काजूचे बोंड कसे चोखून टाकले ते लिहीत नाही, कोकणातल्या वाचकांना माहीत आहे.

निकाल ४ जूनला लागला. बंदूक हातात आली तोवर पाऊस लागला होता. ज्या खोलीत शस्त्रं ठेवली होती तिथे भिंतीला ओल होती, आणि पन्नासेक बंदुका दावणीला बांधलेल्या म्हशींसारख्या एका रांगेत, गळ्यात चिठ्ठ्या. माझ्या नळीवर बाहेरून तांबड्या ठिपक्यांची रांगोळी. आतून उजेडाकडे धरून बघितलं तर अर्ध्या नळीत धुकं. ती साफ करायला दोन संध्याकाळी गेल्या. गजाला फडकं बांधून, मशीनचं तेल घालून, पुन्हा पुन्हा. सांभाळायची हमी माझ्याकडून लिहून घेतात, हे त्या दोन संध्याकाळी माझ्या फार मनात येत होतं. तेव्हापासून पेटीत ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या ठेवतो आणि जमा करायच्या आधी नळीला आतबाहेर तेल चोपडून देतो. पावतीवर बंदुकीची स्थितीही लिहून घेतो. हवालदार कुरकुरतात, पण लिहितात.

इथे कुणी विचारेल, मग या बंदुकीने करता काय? जनावर मारत नाही. परवाना बंदुकीचा आहे, शिकारीचा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आड येतो, आणि रानडुकराचा कितीही त्रास झाला तरी वनखात्याची परवानगी वेगळी लागते. आम्ही फक्त आवाज करतो, हवेत, बागेच्या वरच्या अंगाला, जिथे पुढे नुसता सडा, म्हणजे मोकळा कातळ आहे.

गेल्या एप्रिलमध्ये एका सकाळी वानरांचा कळप काजूत उतरला. मुलगा धावत आला, “बाबा, बंदूक!” मी पेटीपाशी गेलो. आकडे जुळवले, चष्म्याशिवाय, म्हणून एकदा चुकले. नळी काढली. झोपायच्या खोलीत जाऊन कपाटाची किल्ली शोधली, ती आता माझ्या करगोट्याला असते. दस्ता काढला, तिजोरीतून दोन काडतुसं काढली. ओटीवर येऊन नळी बिजागरीला लावली, खालचं लाकूड ठोकून बसवलं, आत बघितलं, रिकामी. आवरणात घालून अंगणात आलो. मुलगा दारात माझा फोन घेऊन उभा होता. त्याने वेळ लावली होती.

“चार मिनिटं, दहा सेकंद.”

वरच्या बाजूने पत्र्याचा डबा बडवल्याचा आवाज येत होता. आई कमरेला पदर खोचून एका हाताने काठी आपटत होती, आणि कळप शेजाऱ्यांच्या फणसावर पोचला होता.